कायदा मांडण्याचा अधिकारच नसेल, तर युरोपीय संसद नेमके करते काय?

प्रश्न : अक्षांश

गेले काही दिवस मी युरोपीय संघाच्या कायदेप्रक्रियेवर एक टिपण तयार करतो आहे आणि एका जागी येऊन अडलो आहे. संसद म्हणजे कायदे करणारे सभागृह, ही व्याख्या आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. युरोपीय संसदेत सध्या ७२० सदस्य आहेत, १९७९ पासून ते थेट मतदानाने निवडले जातात, आणि तरीही त्यांच्यापैकी कोणालाही सभागृहात उभे राहून विधेयक मांडता येत नाही. तो अधिकार युरोपीय आयोगाचा. म्हणजे प्रत्येक सदस्य देशातून एक, अशा २७ आयुक्तांचा, ज्यांच्या नावापुढे कोणत्याही मतदाराने कधी खूण केलेली नाही.

बरे, संसदेने मसुदा मंजूर केला की कायदा झाला, असेही नाही. त्याच मसुद्याला मंत्र्यांच्या परिषदेचीही मान्यता लागते, आणि या परिषदेतली माणसे विषय बदलला की बदलतात : शेतीचा विषय असेल तर २७ देशांचे कृषिमंत्री, पर्यावरणाचा असेल तर पर्यावरणमंत्री. भरीस भर म्हणून ‘युरोपीय परिषद’ नावाची आणखी एक संस्था आहे, आणि ‘युरोप परिषद’ ही तिसरीच. बातम्यांमध्ये या तिन्ही नावांची अदलाबदल होते, त्यामुळे वाचून गोंधळ कमी होण्याऐवजी वाढतो.

माझे प्रश्न दोन आहेत. या रचनेत सत्ता खरोखर कोणाच्या हाती आहे? आणि एखाद्या देशाच्या मंत्र्याने विरोधात मत देऊनही तो कायदा त्या देशावर बंधनकारक होत असेल, तर त्या देशाच्या सार्वभौमत्वाचे काय होते? जाणकारांनी शक्यतो एखाद्या प्रत्यक्ष कायद्याच्या आधारे समजावून सांगावे. संस्थांची नावे आणि बाणांच्या आकृत्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत.


उत्तर : दुर्बीण

नावांचा घोळ आधी मिटवू या. १९४९ साली स्थापन झालेली, ४६ देशांची युरोप परिषद ही युरोपीय संघाची संस्थाच नव्हे. मानवी हक्कांचे युरोपीय न्यायालय तिच्या छत्राखाली येते, आणि आपल्या प्रश्नाशी तिचा संबंध तेवढ्यावर संपतो. युरोपीय परिषद म्हणजे सदस्य देशांचे राष्ट्रप्रमुख किंवा सरकारप्रमुख यांची बैठक. ती दिशा ठरवते, कायदे करीत नाही. कायद्याच्या कामात जिचा वाटा असतो ती मंत्र्यांची परिषद, आणि यापुढे मी नुसते ‘परिषद’ म्हटले की तीच समजावी.

आता मूळ मुद्दा. कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायमंडळ असे तीन खण हाती घेऊन आपण तिकडे पाहता आहात, आणि तिथल्या संस्था त्या खणांत नीट बसत नाहीत. ही रचना उभारताना कोणते काम कोणी करायचे यापेक्षा कोणाचा आवाज कुठे ऐकू यावा, याचा विचार अधिक झाला. १९५१ च्या पॅरिस करारान्वये सहा देशांनी आपला कोळसा आणि पोलाद एका ‘उच्च प्राधिकरणा’च्या ताब्यात दिले. हे प्राधिकरण कोणत्याच सरकारचे नव्हते, आणि नेमक्या त्याच कारणाने नेदरलँड्ससारखे छोटे देश धास्तावले. त्यांच्या आग्रहाने शेजारी मंत्र्यांची परिषद बसवण्यात आली. राष्ट्रीय संसदांनी पाठवलेल्या ७८ प्रतिनिधींची एक सभाही होती, पण तिचे काम मुख्यतः देखरेखीचे. प्राधिकरणाचा आज आयोग झाला आहे आणि त्या सभेची संसद. अर्थसंकल्पाचे अधिकार तिला १९७० च्या दशकात मिळाले, मंत्र्यांच्या बरोबरीने कायदा करण्याचा अधिकार १९९३ साली मास्ट्रिख्त कराराने काही विषयांपुरता मिळाला, आणि २००९ च्या लिस्बन करारानंतर तीच नेहमीची पद्धत ठरली. म्हणजे या संसदेने सत्ता एकदम मिळवली नाही, चुलीशेजारी बसून एकेक भाकरी मागून घेतली, असे म्हटले तर ते फार चुकीचे होणार नाही.

मसुदा मांडण्याचा हक्क आयोगाकडेच ठेवण्यामागे हिशेब आहे. प्रत्येक सरकारला विधेयक मांडता आले असते, तर ज्या देशांकडे मोठी मंत्रालये आणि कायदेतज्ज्ञांची फौज आहे त्यांच्याच राजधान्यांत मसुदे लिहिले गेले असते. शिवाय आयोगाचा प्रस्ताव त्याच्या इच्छेविरुद्ध बदलायचा असेल, तर काही अपवाद वगळता परिषदेला एकमत लागते, आणि निर्णय होईपर्यंत आयोग आपला प्रस्ताव मागेही घेऊ शकतो. संसद मात्र हात बांधून बसलेली नसते. ती आयोगाला प्रस्ताव आणण्याची विनंती करू शकते, आयोगाच्या अध्यक्षाची निवड तिच्या बहुमताशिवाय होत नाही (२०१९ साली उर्सुला फॉन डेर लायन यांना ३७४ मते हवी होती, मिळाली ३८३), आणि दोन तृतीयांश बहुमताने ती अख्खा आयोग घरी पाठवू शकते. १९९९ च्या मार्चमध्ये जाक सांतेर यांच्या आयोगाने गैरव्यवहारांच्या चौकशी अहवालानंतर सामूहिक राजीनामा दिला, तो असा अविश्वासाचा ठराव मंजूर होण्याची वाट न पाहताच.

आपण प्रत्यक्ष कायदा मागितला आहे, तर प्लॅस्टिकच्या बाटलीचे टोपण घेऊ. युरोपात आज शीतपेयाची बाटली उघडली की टोपण हातात येत नाही, एका पट्टीने बाटलीच्या गळ्यालाच लोंबत राहते. यामागे एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकविषयीचा २०१९ चा निर्देश आहे. आयोगाने मसुदा मांडला २८ मे २०१८ रोजी. संसदेत तो पर्यावरण समितीकडे गेला, समितीने नेमलेल्या प्रतिवेदकाने त्यावर अहवाल तयार केला, आणि ऑक्टोबरमध्ये संसदेने आपली भूमिका ठरवली. मूळ मसुद्यात नसलेली बंदी संसदेने त्यात घातली : ऊन-वाऱ्याने ज्याचे बारीक तुकडे होतात त्या ऑक्सो-डिग्रेडेबल प्लॅस्टिकवर. अतिपातळ पिशव्यांवरही तिला बंदी हवी होती. इकडे परिषदेने आपली स्वतंत्र भूमिका तयार केली. तेव्हा फिरते अध्यक्षपद ऑस्ट्रियाकडे होते, त्यामुळे सर्व सरकारांच्या वतीने बोलणी करण्याचे काम ऑस्ट्रियाच्या वाट्याला आले. डिसेंबरमध्ये तिन्ही बाजू एका टेबलाशी बसल्या आणि तडजोड झाली. ऑक्सो-डिग्रेडेबलवरील बंदी टिकली, अतिपातळ पिशव्यांची मागणी गळाली. मार्च २०१९ मध्ये संसदेने तो मजकूर ५६० विरुद्ध ३५ मतांनी मंजूर केला, मे महिन्यात परिषदेने मान्यता दिली.

हा ‘निर्देश’ आहे, ‘विनियम’ नव्हे, हेही टिपून ठेवावे. विनियम सर्व देशांत जसाच्या तसा लागू होतो. निर्देश मात्र साध्य ठरवतो आणि ते कसे गाठायचे हे प्रत्येक देशाच्या कायदेमंडळावर सोपवतो. त्यामुळे जुलै २०२१ पर्यंत प्रत्येक देशाला त्यासाठी आपापले कायदे करावे लागले, आणि टोपणाच्या अटीसाठी जुलै २०२४ पर्यंतची जादा मुदत मिळाली. आयोगाने मांडलेला आणि कायदा झालेला असे दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले, तर संसदेने काय केले याचे उत्तर आपल्याला कोणत्याही आकृतीविना मिळेल.


उत्तर : तळटीप

दुर्बीण यांच्या विवेचनाशी मी बहुतांशी सहमत आहे, पण ‘तिन्ही बाजू एका टेबलाशी बसल्या आणि तडजोड झाली’ या वाक्यावरून ते फार घाईने पुढे गेले, आणि माझ्या मते सत्तेचा पत्ता त्याच वाक्यात आहे.

करारात लिहिलेली प्रक्रिया वेगळी आहे. तिच्यानुसार पहिले वाचन, दुसरे वाचन, आणि तरीही मतभेद राहिले तर दोन्ही संस्थांच्या समान प्रतिनिधींची सामंजस्य समिती, असे टप्पे आहेत. प्रत्यक्षात बहुतेक कायदे पहिल्याच वाचनात उरकतात, कारण खरी घासाघीस त्याआधी ‘ट्रायलॉग’ नावाच्या त्रिपक्षीय बैठकांत होऊन गेलेली असते. या बैठकांचा करारात उल्लेखही नाही. तिथे काम चालते ते एका तक्त्यावर. पहिल्या रकान्यात आयोगाचा मूळ मजकूर, दुसऱ्यात संसदेला हवा असलेला, तिसऱ्यात परिषदेला हवा असलेला, आणि चौथा रकाना सुरुवातीला रिकामा. जसजशी तडजोड होईल तसतसा चौथा रकाना भरत जातो, आणि तो पूर्ण भरला की त्याचाच कायदा होतो. कित्येकदा एखाद्या कलमातील ‘करावे’ आणि ‘करता येईल’ या दोन क्रियापदांवर रात्र सरते. पुढे संसदेत मतदान होते हे खरे, पण तोवर मजकूर बांधून झालेला असतो आणि एक धागा ओढला तर सगळी वीण उसवेल, या भीतीने सदस्य तो सहसा तसाच स्वीकारतात.

हा चौथा रकाना नागरिकांना पाहता यावा की नाही, यावर न्यायालयात भांडण झाले आहे. संसदेने तो देण्यास नकार दिला होता. संघाच्या सर्वसाधारण न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये निर्णय दिला की वाटाघाटी चालू असतानाही ही माहिती तत्त्वतः दिली पाहिजे, आणि नकार द्यायचाच असेल तर त्या त्या प्रकरणात ठोस कारण दाखवले पाहिजे. गंमत पाहा : थेट निवडून आलेली, पारदर्शकतेचा आग्रह धरणारी संसद या खटल्यात गुप्ततेच्या बाजूने उभी होती.

माझी तक्रार संसदेकडे विधेयक मांडण्याचा अधिकार नाही ही नाहीच. अनेक देशांच्या संसदांतही मंजूर होणारी बहुतेक विधेयके सरकारनेच आणलेली असतात. तक्रार ही की एखाद्या कलमाचे श्रेय किंवा अपश्रेय कोणाला द्यायचे, हे मतदाराला कळण्याची सोय या पद्धतीत फार थोडी आहे. घरी परतलेला मंत्री न आवडलेल्या कायद्याचे खापर ‘ब्रुसेल्स’वर फोडतो आणि आवडलेला कायदा आपणच खेचून आणला असे सांगतो, दोन्ही वेळा तो त्याच खोलीत बसलेला असतो.


अक्षांश

दोघांचेही आभार. चौथ्या रकान्याचे उदाहरण फार उपयोगी पडले. परिषदेतील मतमोजणीबद्दल मात्र कोणी लिहिले नाही. तिथे प्रत्येक देशाला एक मत असते की लोकसंख्येप्रमाणे? आणि तटस्थ राहिल्यास काय होते?


उत्तर : काटेकोर

दोन्ही मोजले जातात, आणि दोन्ही मोजमापे एकाच वेळी पार करावी लागतात. आयोगाच्या प्रस्तावावर परिषदेचे पात्र बहुमत होण्यासाठी किमान ५५ टक्के देश, म्हणजे २७ पैकी १५, बाजूने हवेत, आणि त्या देशांत मिळून संघाची किमान ६५ टक्के लोकसंख्या राहत असली पाहिजे. पहिल्या अटीमुळे चार-पाच मोठे देश मिळून कायदा लादू शकत नाहीत, दुसरीमुळे छोट्या देशांची लांबलचक यादी मोठ्यांना गुंडाळू शकत नाही. याशिवाय लोकसंख्येच्या निकषावर कायदा अडवायचा असेल तर किमान चार देश हवेत, अशीही तरतूद आहे. नाहीतर तीन मोठ्या देशांनीच दार लावून घेतले असते.

हे गणित किती बारीक असते ते १७ जून २०२४ रोजी लक्झेंबर्गमध्ये दिसले. निसर्ग पुनर्स्थापनेच्या विनियमावर पर्यावरणमंत्र्यांचे मतदान होते. इटली, हंगेरी, नेदरलँड्स, पोलंड, फिनलंड आणि स्वीडन विरोधात, बेल्जियम तटस्थ. उरलेल्या २० देशांनी बाजूने मत दिले, तेव्हा देशांची अट आरामात पूर्ण झाली, पण लोकसंख्या भरली ६६.०७ टक्के. उंबरठ्याच्या वर जेमतेम एक टक्का. ऑस्ट्रियाची लोकसंख्या संघाच्या सुमारे दोन टक्के आहे, म्हणजे तिचे एक मत नसते तर विनियम तिथेच पडला असता. आणि ते मत ऑस्ट्रियाच्या मंत्री लिओनोरे गेवेस्लर यांनी दिले ते आपल्याच चॅन्सेलरांच्या इच्छेविरुद्ध. त्या ग्रीन पक्षाच्या, चॅन्सेलर कार्ल नेहामर पुराणमतवादी पक्षाचे, आणि दोघेही एकाच आघाडी सरकारात. मंत्र्याला असे मत देण्याचा अधिकारच नव्हता, असे म्हणत चॅन्सेलरांच्या बाजूने न्यायालयात जाण्याची भाषा झाली. ज्याला आपण ‘ऑस्ट्रियाची भूमिका’ म्हणतो ती कित्येकदा व्हिएन्नातील आघाडीतच ठरलेली नसते, हे मला या प्रसंगातून प्रथम लख्ख दिसले.

तटस्थतेचा प्रश्न आपण अगदी योग्य विचारलात, कारण तिचा अर्थ मतदानाच्या पद्धतीनुसार उलटतो. पात्र बहुमताच्या वेळी तटस्थ राहणे म्हणजे व्यवहारात विरोध करणेच, कारण त्या देशाची लोकसंख्या बाजूच्या पारड्यात पडत नाही. जिथे एकमत लागते, म्हणजे करविषयक कायदे, परराष्ट्र धोरणाचा बराचसा भाग, नव्या देशांचा प्रवेश, तिथे तटस्थ देशामुळे निर्णय अडत नाही. १४ डिसेंबर २०२३ रोजी युक्रेनशी प्रवेशाच्या वाटाघाटी सुरू करण्याचा निर्णय युरोपीय परिषदेत झाला, त्या वेळी हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टोर ओर्बान दालनाबाहेर गेलेले होते. नकाराधिकार हातात असताना तो न वापरता विरोध नोंदवण्याची ती एक पद्धत.

सार्वभौमत्वाच्या प्रश्नाला हात घालायचा तर १९६५ कडे जावे लागेल. बहुमताने निर्णय घेण्याची पद्धत आणखी काही विषयांत सुरू होण्याची वेळ आली, शेतीखर्चाच्या तरतुदीवरून वाद पेटला, आणि अध्यक्ष द गॉल यांच्या फ्रान्सने सुमारे सात महिने परिषदेतील आपली खुर्ची रिकामी ठेवली. जानेवारी १९६६ मध्ये लक्झेंबर्ग येथे जो समेट झाला, त्याचा आशय असा की एखाद्या देशाचे फार महत्त्वाचे हितसंबंध गुंतले असतील तर सर्वांचे एकमत होईपर्यंत चर्चा चालू ठेवावी. पुढची जवळजवळ वीस वर्षे अनेक निर्णय त्यामुळे रखडले. १९८७ मध्ये अमलात आलेल्या ‘एकल युरोपीय कायदा’ नावाच्या कराराने सामायिक बाजारपेठेसाठी बहुमताची वाट पुन्हा मोकळी केली, आणि ती करण्यास मार्गारेट थॅचर यांच्या सरकारनेही संमती दिली. विरोधात मत देऊनही कायदा पाळावा लागतो तो यामुळे की, त्या विषयात बहुमत मानू, हे त्या देशाने करारावर सही करताना आणि आपल्या राज्यघटनेप्रमाणे त्याला मंजुरी देताना एकमतानेच कबूल केलेले असते.


उत्तर : मधली ओळ

काटेकोर यांच्या शेवटच्या वाक्याला एक पुरवणी जोडतो. सरकारांनी जे कबूल केले त्यात लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने पुढे बरेच काही वाचले. फ्लामिनिओ कोस्टा या मिलानच्या वकिलाने विजेच्या राष्ट्रीयीकरणाला विरोध म्हणून आपले क्षुल्लक रकमेचे वीजबिल भरण्यास नकार दिला, आणि त्या खटल्यात १९६४ साली लक्झेंबर्गच्या न्यायालयाने सांगितले की समुदायाचा (म्हणजे आजच्या संघाच्या पूर्वरूपाचा) कायदा आणि राष्ट्रीय कायदा यांत विरोध आला तर समुदायाचा कायदा वरचढ ठरेल. करारात असे वाक्य कुठेही नव्हते.

संसदेच्या बाबतीत मला याहूनही बोलका वाटतो तो १९८० चा आयसोग्लुकोजचा खटला. आयसोग्लुकोज म्हणजे मक्यासारख्या धान्यातील स्टार्चपासून करतात ते गोड पाक. त्याच्या उत्पादनावर मर्यादा घालणारा विनियम परिषदेला करायचा होता. त्या काळी संसदेला मताचा नव्हे, फक्त अभिप्रायाचा अधिकार होता, आणि तो अभिप्राय परिषदेवर बंधनकारक नव्हता. जून १९७९ मध्ये संसदेची पहिली थेट निवडणूक नुकतीच झाली होती, अभिप्राय यायला उशीर लागत होता, म्हणून परिषदेने त्याची वाट न पाहता विनियम मंजूर करून टाकला. कंपन्या न्यायालयात गेल्या, संसदही त्यांच्या बाजूने खटल्यात उतरली, आणि न्यायालयाने तो विनियम रद्द केला : सल्ला मानणे बंधनकारक नसले तरी तो विचारणे आणि तो मिळेपर्यंत थांबणे बंधनकारक आहे. तेव्हापासून संसदेला एक नवे हत्यार सापडले. अभिप्राय देण्यास उशीर करायचा आणि त्या बदल्यात मजकुरात बदल मागायचे. अक्षांश यांच्या मूळ शंकेचे उत्तर मला इथे दिसते. कागदावर अधिकार जेमतेम असताना या सभागृहाने थांबवण्याच्या शक्तीतून घडवण्याची शक्ती काढली.

राष्ट्रीय न्यायालये मात्र सगळे निमूट मानतात असे समजू नये. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ५ मे २०२० रोजी युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या रोखेखरेदीबाबत लक्झेंबर्गच्या न्यायालयाचा निकाल अधिकारकक्षेबाहेरचा ठरवला होता. प्रकरण पुढे वाटाघाटींनी निवळले, पण अंतिम शब्द कोणाचा हा वाद त्याने मिटला नाही.

तुलनेसाठी अक्षांश यांनी आपल्या टिपणात पूर्व आफ्रिकी समुदायाची विधानसभा घ्यावी, असे सुचवतो. टांझानियातील अरुशा येथे तिचे मुख्यालय आहे, आणि प्रत्येक सदस्य देशाची संसद तिच्यावर ९ सदस्य निवडून पाठवते. तिथल्या सदस्याला विधेयक मांडता येते, म्हणजे युरोपीय संसदेकडे नसलेला हक्क तिच्याकडे आहे. पण मंजूर झालेल्या विधेयकावर सर्व देशांच्या राष्ट्रप्रमुखांची संमती लागते, आणि फेरसादर केलेल्या विधेयकालाही त्यांच्यापैकी एकाने संमती नाकारली तर ते बाद होते.


अक्षांश

आयसोग्लुकोजचा निकाल मी आजवर केवळ तळटिपेत पाहिला होता. आता टिपणाची सुरुवात त्यानेच करतो. अरुशाचा भाग स्वतंत्र प्रकरण म्हणून घेईन. तळटीप यांना एक विनंती : चार रकान्यांचा एखादा पूर्ण भरलेला तक्ता आपल्या पाहण्यात असेल, तर तो कोणत्या कायद्याचा आहे तेवढे सांगावे.


तळटीप

प्लॅस्टिकच्याच निर्देशापासून सुरुवात करावी. तयार तक्ता हाती आला नाही तरी आयोगाचा मे २०१८ चा मसुदा, संसदेची ऑक्टोबरमधील भूमिका, परिषदेची भूमिका आणि अंतिम कायदा हे चारही मजकूर उपलब्ध आहेत, त्यावरून रकाने स्वतःच आखता येतील. एकच कलम घ्यावे, टोपणाचे, आणि त्यातील तारखेवर लक्ष ठेवावे.